उत्तर द्यावंच लागतं

मयेकर मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भांडत होते, पण त्यांचा आवाज मला ऐकू येत नव्हता.

मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली म्हणून मी मालवणहून रत्नागिरीला आले होते. मुंबईकडे जाणारी आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना पडावातून मांडवीच्या धक्क्यावर आणत. आमचा पडाव रिकामा झाला न झाला तोच त्यात आंब्याच्या पेट्या चढायला लागल्या. धक्क्यावर एक बुटका, काळासावळा माणूस बंद गळ्याचा कोट घालून उभा होता. पायाशी टपालाची पिशवी. एक पाय पडावाच्या दोरावर. पडावाचा तांडेल ओरडत होता, आंब्याचा व्यापारी ओरडत होता, बोटीचा भोंगा वाजत होता, आणि हा माणूस पाय न काढता एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. जवळून जाताना ते मला ऐकू आलं. "आधी टपाल, मग आंबे."

व्यापारी म्हणाला, आंबे उद्यापर्यंत नासतील, कागद काय नासतात का? त्यावर मास्तरांनी शांतपणे सांगितलं की पिशवीत बसऱ्याची आणि झांजीबारची पत्रं आहेत. आजची बोट चुकली तर मुंबईत पुढची बोट चुकेल, आणि तिकडचे मास्तर वाट बघत बसतील. शेवटी दोन पेट्या उतरवून पिशवी चढली. तेव्हाच त्यांनी दोरावरचा पाय काढला, कोट झटकला आणि माझी ट्रंक बघून विचारलं, "नव्या मास्तरीणबाई ना? तुमचं कार्ड परवाच आलं. शाळेत पोचवलंय."

तिकडचे मास्तर! जगातल्या कुठल्याही बंदरावरचा पोस्टमास्तर त्यांना आपल्या खात्यातला माणूस वाटे. 'आमचे एडनचे मास्तर', 'आमचे रंगूनचे मास्तर' असं ते सहज बोलत. त्यातल्या एकालाही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ते स्वतः मुंबईच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

माझी खोली त्यांच्या पोस्टाच्या अगदी समोर होती. बंदराजवळचं ते लहानसं पोस्ट. कौलारू, एका खिडकीचं. मास्तर उंचीला कमी, म्हणून खिडकीच्या आत त्यांनी एक चौरंग ठेवून घेतला होता आणि त्यावर उभे राहून ते काम करत. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, गुहागरला एक बहीण. बोलणं हळू. समोरचा जितका तापेल तितका यांचा आवाज उतरत जाई. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की टपाल आंबा घाटातून येई आणि निम्मं भिजलेलं असे. मग चुलीवरच्या दांडीवर स्वतःचं धोतर ओलंच ठेवून ते पत्रं वाळवत. एकेक पाकीट उलटंसुलटं करत, पण आतला मजकूर दिसेल असं कधीही धरायचे नाहीत.

रत्नागिरीच्या आसपासच्या कितीतरी घरांतले पुरुष बोटींवर होते. त्यांच्या बायकांना लिहिता येत नसे. संध्याकाळी त्या माझ्या ओटीवर येत आणि मी त्यांची पत्रं लिहून देई. पत्ता मात्र मास्तर लिहीत. बाई दबकत विचारी, येवढ्या लांब जाईल ना हो? तेव्हा मास्तर चौरंगावरूनच पुढे वाकून खिडकीतून डोकं बाहेर काढत आणि प्रत्येकीला तेच समजावून सांगत, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं. की जगातल्या सगळ्या राज्यांनी बसून एक करार केला आहे. एका राज्याचं पत्र दुसऱ्यानं स्वतःचं समजून पुढं न्यायचं. वाटेत कुणाचाही मुलूख लागो, अडवायचं नाही. राजे आपसांत भांडले तरी पत्राला त्याचं काही नाही. या कराराची इंग्रजी प्रत त्यांनी कुठल्याशा साहेबाच्या रद्दीतून सोडवून आणली होती आणि ती त्यांना जवळजवळ पाठ होती.

पेठेतले एक तरुण वकील त्यांना यावरून नेहमी टोचत. वकील खादी घालायचे, तुरुंगात जायच्या तयारीत असायचे. एकदा त्यांनी पोस्टाच्या पायरीवरच मास्तरांना गाठलं आणि चारचौघांत विचारलं, की तुमच्या त्या करारावर आपल्या देशाच्या नावानं सही कुणी केली? एखाद्या गोऱ्यानंच ना? मग त्याचा एवढा अभिमान कसला?

मास्तर खाली बघून कोट झटकू लागले. मला वाटलं, हरले. मग म्हणाले, "सही गोऱ्यानं केली, खरं आहे. पण राज्यांच्या यादीत आपलं नाव वेगळ्या ओळीत आहे, वकीलसाहेब. इंग्लंडच्या पोटात नाही. तुमचं स्वराज्य येईल तेव्हा येईल. माझ्या खिडकीत आपला देश आत्ताच फ्रान्सच्या बरोबरीनं बसतो. मी त्याला खाली बसू देणार नाही."

वकील हसले, पण पुढे त्यांनी हा विषय काढलेला मला आठवत नाही.

येसूची हकीकत याच सुमाराची. येसू जवळच्या मिऱ्या गावची. नवरा गोविंद बोटीवर, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकायच्या कामावर. लग्नाला सहा वर्षं झालेली, पोर एक झालं ते गेलं. गोविंदचं शेवटचं पत्र फ्रान्सातल्या मार्सेल्स बंदरातून आलं होतं. छातीत दुखतं म्हणून बोटीवरून उतरवून इस्पितळात ठेवलंय, असं दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं लिहिलेलं. त्यानंतर काही नाही. शिमगा झाल्यावर येसूनं माझ्याकडून त्याला पत्र लिहून घेतलं आणि मास्तरांच्या सल्ल्यानं ते रजिस्टर करून, पोचपावती जोडून पाठवलं. म्हणजे पत्र ज्याच्या हाती पडेल त्यानं त्या पावतीवर सही करायची आणि ती सही समुद्र ओलांडून येसूच्या हातात यायची.

पावसाळा संपला तरी पावती आली नाही. बोटीच्या कचेरीत चौकशी केली तर उत्तर मिळालं, की हा इसम त्या बंदरात बोट सोडून गेला, पुढची माहिती नाही. इकडे येसूच्या थोरल्या दिराला कुणा खलाशानं सांगितलं की गोविंद इस्पितळातच वारला. दिरानं ते लगेच खरं धरलं. घर, सात माड आणि भाताचा एक चोंढा गोविंदच्या वाट्याला होता. दिरानं गावकी बसवली आणि ठरवलं की येसूनं कुंकू पुसावं, बांगड्या फोडाव्यात आणि माहेरी जावं. जमीन पुढं तो स्वतः बघेल.

येसू माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बरोबर कुणी नव्हतं. मी लहानपणीच विधवा झालेली. माझ्या कपाळाकडे बघून ती जराशी थांबली, आणि मग म्हणाली, "बाय, तुमच्यासमोर बोलू नये. पण कुणी तरी सांगतो म्हणून मी कुक्कू पुसायची नाय. मेला असंल तर मना कागद दाखवा."

मला वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, मला तेव्हा असा कागद मागायचं सुचलं असतं तर. मी नऊ वर्षांची होते.

मी तिला घेऊन खिडकीशी गेले. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. धीराचा एकही शब्द बोलले नाहीत. आत जाऊन एक छापील फॉर्म घेऊन आले. म्हणाले, करारात कलम आहे. रजिस्टर पत्राचं काय झालं हे पाठवणाऱ्यानं विचारलं तर त्या राज्याला उत्तर द्यावंच लागतं. मात्र पत्र टाकल्यापासून वर्षाच्या आत विचारलं पाहिजे. येसूनं विचारलं, "राज्य मला उत्तर देईल?" तिचा विश्वासच बसत नव्हता. मास्तर म्हणाले, "द्यावंच लागतं. बरं की वाईट, ते मी सांगू शकत नाही."

दिवाळीला फॉर्म गेला. तो फ्रान्सला जायच्या आधी वरच्या कचेरीतून जायला हवा होता, आणि तिथेच तो अडला. महिन्यानं परत आला, वर शेरा की ठिकाणाचं नाव अस्पष्ट. मास्तरांनी मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलं. परत आला. अर्जदार बाईचा अंगठा नीट उमटलेला नाही. येसू मिऱ्याहून चालत आली, पुन्हा अंगठा दिला. तिसऱ्या वेळी शेराही नव्हता. नुसतं चिठीवर लिहिलं होतं की एका खलाशाच्या बायकोसाठी परराष्ट्राशी पत्रव्यवहार करण्याची गरज दिसत नाही.

ती चिठी मास्तरांनी मला दाखवली. मग ती टेबलावर आपटली. इतक्या वर्षांत तो राग मी तेवढा एकदाच पाहिला. माघ सरत आला होता, वर्ष संपायला महिनाभर उरला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी चार दिवसांची रजा टाकली, येसूकडून तिच्या वतीनं अर्ज करण्याचं संमतिपत्र अंगठा घेऊन लिहून घेतलं आणि मुंबईची बोट धरली.

मुंबईत काय झालं ते त्यांनीच परत आल्यावर मला सांगितलं. परदेशी टपालाच्या मोठ्या कचेरीत ते रांगेत उभे राहिले. खिडकीवरच्या कारकुनानं कागदपत्रं बघून ओळखलं, की हे स्वतःच पोस्टमास्तर आहेत. तो म्हणाला, तुम्ही तुमच्या कचेरीमार्फत पाठवा, असं परस्पर चालणार नाही. मास्तर म्हणाले, "इथं मी पोस्टमास्तर नाही, गिऱ्हाईक आहे. कुठल्याही खिडकीवर चौकशीचा अर्ज घ्यावा लागतो. घेत नसाल तर तसं लिहून द्या." कारकून मोठ्या साहेबाकडे गेला. मास्तर दुपारपर्यंत खिडकीशी उभे. मागची रांग शिव्या देत होती. शेवटी एक म्हातारा साहेब स्वतः आला, अर्ज वाचला आणि त्यावर शिक्का मारला.

रत्नागिरीला परतल्यावर त्यांच्या हातात मेमो पडला. वरिष्ठांना डावलल्याबद्दल खुलासा करा. त्यांनी एका ओळीचा खुलासा पाठवला, की मी रजेवर होतो. त्या वर्षी त्यांची बढती अडली. ती पुढेही कधी झाली नाही.

उत्तर वैशाखात आलं. शाळेला सुट्टी होती. मास्तरांनी शिपायाला मिऱ्याला पिटाळलं आणि येसू आली ती तशीच, हाताला माशांचा वास, पदर खोचलेला. बरोबर दीरही होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मास्तर कागद घेऊन बाहेर पायरीवर आले. फ्रेंच छापलेला फॉर्म, त्यावर दोन गोल शिक्के. फॉर्मचे छापील शब्द त्यांना माहीत होते, हातानं लिहिलेलं त्यांनी आदल्या रात्री फ्रेंच येणाऱ्या एका मिशनऱ्याकडे जाऊन समजून घेतलं असावं, कारण ते अडखळले नाहीत. त्यांनी वाचलं: पत्र पोचलं आहे. ज्याच्या नावाचं, त्या मालकाच्याच हातात दिलं आहे. पहिली पावती वाटेत गहाळ झाली म्हणून मालकाला पुन्हा गाठून नव्या पावतीवर सही घेतली आहे. तारीख गेल्या महिन्याची.

म्हणजे गोविंद गेल्या महिन्यात जिवंत होता.

दिरानं कागद हिसकायला हात पुढे केला. मास्तरांनी तो मागे घेतला आणि येसूसमोर धरला. खाली देवनागरीत वाकडीतिकडी सही होती. येसूला वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याच्या सहीचा आकार तिला माहीत होता. तिनं बोट न लावता ती बघितली. म्हणाली, "त्याचीच हाय. पयल्या अक्षराचा पाय असाच मोडतो तो."

मास्तर कागदाची घडी घालू लागले. त्यांचा अंगठा खालच्या एका ओळीवर होता. मी बघत होते, तो अंगठा तिथून हलेना.

येसू म्हणाली, "तिथं खाली अजून शाई हाय. ती पण वाचा."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी ती ओळ वाचली. सही घेतली ते ठिकाण इस्पितळ नव्हतं. गावातल्या एका गल्लीतलं घर होतं. घर एका बाईच्या नावावर, आणि शेऱ्यात लिहिलं होतं की सदर इसम तिथं कुटुंबासह राहतो.

दीर खाकरला आणि समजुतीच्या आवाजात काही तरी सांगू लागला, की बघ, आता तरी शहाणी हो. येसूनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती मास्तरांना म्हणाली, "जित्ता हाय असं सरकारी कागदावर हाय ना? मग त्याच्या वाट्यात मी ऱ्हाणार. कोण काढतो ते बघतेच." तिनं कागद मागून घेतला आणि सरळ तलाठ्याकडे चालू लागली. दीर तिच्या मागून गेला, पण बऱ्याच अंतरानं.

ती गेल्यावर मास्तर खिडकीच्या आत जाऊन चौरंगावर बसले. उभे राहायचा तो चौरंग, त्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "बाई, मी ती ओळ वाचायला नको होती का?" मी म्हटलं, तिनं विचारलं होतं. ते म्हणाले, हो, तिनं विचारलं.

येसूचं घर टिकलं. तिनं गोविंदला पुन्हा पत्र लिहिलं नाही. कुंकूही पुसलं नाही. त्यावर कुणी बोललं तर म्हणायची, ते माझ्या कपाळावर हाय, त्याच्या नाय. त्याच हंगामात एके सकाळी ती ओल्या काजूगरांचा द्रोण घेऊन पोस्टात आली. खिडकीतून भेट म्हणून काही घ्यायचं नाही असा मास्तरांचा नेम. ते दार उघडून बाहेर आले, रस्त्यावर उभे राहिले आणि तिथं तो द्रोण दोन्ही हातांनी घेतला.

मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी मास्तरांची आमच्याकडून बदली झाली. ते वकील तेव्हा तुरुंगात होते. त्यांचा धाकटा भाऊ जर्मनीत शिकत होता आणि त्याची पत्रं वकिलांच्या आईच्या नावानं येत. एके दुपारी फौजदार पोस्टात आला आणि म्हणाला, त्या घरची परदेशी पत्रं आधी आमच्याकडे द्यायची, आम्ही बघून परत करू. मी तेव्हा तिकिटं घ्यायला खिडकीशीच उभी होते. मास्तरांनी लेखी हुकूम मागितला. फौजदार म्हणाला, मी सांगतोय तोच हुकूम. मास्तरांनी मागच्या कप्प्यातलं एक पाकीट काढून खिडकीत ठेवलं.

"हे बघा," ते अगदी हळू म्हणाले, "हे पाकीट किती मुलखांतून आलंय. किती तरी मास्तरांच्या हातून गेलं. कुणी फोडलं नाही. पहिला फोडणारा रत्नागिरीचा निघाला, असं मी होऊ देणार नाही. कायद्यात लेखी हुकमाची सोय आहे. तेवढा आणा, मी देतो."

फौजदारानं पाकिटाकडे हात नेला. मास्तरांनी खिडकीची फळी खाली ओढली. फौजदाराची बोटं थोडक्यात वाचली. आतून मास्तरांनी शिपायाला सांगितलेलं मला ऐकू आलं, की हे पत्र आत्ताच्या आत्ता म्हातारीच्या हातात देऊन ये आणि सही आण.

लेखी हुकूम आठ दिवसांनी आला. त्याच्या आधी मास्तरांच्या बदलीचा आला होता. घाटाखालच्या कुठल्याशा आडगावी, जिथे परदेशी पत्र वर्षात एखादं येत असेल. निरोपाचा समारंभ त्यांनी नको म्हटला. गावातले पुष्कळ लोक भीतीनं तसेही आले नसते. तरी मोटारीपाशी मिऱ्याच्या आणि राजिवड्याच्या दहाबारा बायका उभ्या होत्या. मास्तर प्रत्येकीला तिचं नाव घेऊन 'येतो' म्हणाले.

त्यानंतर सातआठ वर्षं मी त्यांना पाहिलं नाही. मग एकदा शाळेच्या कामासाठी चिपळूणला गेले होते. वाशिष्ठीला नुकताच पूर येऊन गेलेला. बाजारात सगळीकडे चिखल, भिंतींवर कमरेएवढी पाण्याची रेघ. पोस्टापुढे मोठी रांग होती. त्या रांगेत मयेकर मास्तर उभे होते. निवृत्त झालेले, केस पूर्ण पांढरे, कोट तसाच गळ्यापर्यंत बंद. त्यांनी मला आधी ओळखलं. बहिणीकडे गुहागरला राहत होते आणि गावातल्या एका म्हातारीच्या चौकशीसाठी आले होते. तिचा मुलगा बोटीवर होता, सिंगापूरला पाठवलेल्या पत्राचा पत्ता नव्हता.

युरोपात पुन्हा लढाईची बोलणी चालली होती. रोज कुणी तरी कुठला तरी तह मोडल्याची बातमी असे. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मास्तर, ती राज्यं आपल्याच सह्या पायदळी तुडवायला निघालीत. तुमच्या कराराचं आता काय होणार?

त्यांना माझं बोलणं आवडलं नाही. म्हणाले, "मोडतात ते सह्या करणारे, बाई. पाळणारे ते नव्हेत. पाळणारे खिडक्यांवर बसतात. एडनला आहेत, मार्सेल्सला आहेत. लढाई होऊ दे. कैद्याचंही पत्र घरी जाईल, बघाल तुम्ही." मग आवाज आणखी उतरवून म्हणाले, "जाणार नसेल तर आपण विचारू, का गेलं नाही."

तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि त्यांचा नंबर आला. आतल्या तरुण कारकुनानं घड्याळाकडे पाहिलं आणि सांगितलं, की वेळ संपली, पुरानं कागद भिजलेत, चौकशीचे अर्ज आता पुढच्या आठवड्यात. खिडकीची फळी त्यानं अर्धी खाली आणली.

मास्तरांनी वाद घातला नाही. टाचा उंचावून त्यांनी डाव्या हाताचं कोपर खिडकीच्या चौकटीत, फळीच्या बरोबर खाली टेकवलं, आणि उजव्या हातानं म्हातारीचा अर्ज आत सरकवला. माझी मोटार सुटायची वेळ झाली होती, मला निघावं लागलं. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर ते तसेच टाचा उंचावून उभे होते. कारकून काही तरी सांगत होता. फळी खाली आली नव्हती.